भिंगवाल्या पुतळाबाई

आमच्या शाळेत घंटेसाठी एक बटण आहे, पण ते कुणी दाबत नाही. घंटा पुतळाबाईच देतात. लोखंडी पट्टीवर हातोडीने, आणि इतक्या जोरात की मागच्या टॉवरमधल्या सातव्या मजल्यावरून एकदा लेखी तक्रार आली होती. मुख्याध्यापक प्रसाद सरांनी ती त्यांना वाचून दाखवली. पुतळाबाई म्हणाल्या, "टावर आता आलाय. घंटा आदी व्हती." विषय तिथेच संपला.

पुतळाबाई मढवी आमच्या शाळेच्या शिपाई. माहेर घणसोली गावात, सासरही घणसोली गावातच, दोन्हींच्या मध्ये एक मारुतीचं देऊळ आणि चार दुकानं. चौथीपर्यंत शिकल्या आणि वडिलांच्या मागोमाग मिठागरावर कामाला लागल्या. पुढे मिठागरं गेली, भातशेती गेली, खाडीच्या अंगाला इमारती उठल्या. नवरा लवकर गेला. मुलगा मोठा झाल्यावर त्याने घरावर दोन मजले चढवले, वरच्या खोल्या भाड्याने दिल्या. म्हणजे खरं पाहता त्यांना नोकरीची गरज नाही. हे मी एकदा त्यांच्या तोंडावर बोलून बसले, तर दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाल्या, "गरज नाय म्हनून मानूस घरी बसतो का, बाई?"

बाई म्हणजे मी, स्मिता. सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. राहते कामोठ्याला, मूळची कराडकडची. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं माझी सासू म्हणते आणि या एका बाबतीत आमचं एकमत आहे.

शाळा आमची मराठी माध्यमाची, पाचवी ते आठवी, गावठाणातल्या एका गल्लीच्या टोकाला. रिक्षावाल्यांची मुलं, सोसायट्यांच्या वॉचमनची मुलं, धुण्याभांड्याला जाणाऱ्या बायांच्या मुली. दर मे महिन्यात आम्ही शिक्षक खोल्याखोल्यांतून फिरून मुलं मागतो. पट टिकवायचा म्हणजे उन्हात चपला झिजवाव्या लागतात, त्याला इलाज नाही.

या शाळेत मी नऊ वर्षं सूक्ष्मदर्शक शिकवला तो फळ्यावर काढून. मी तो झकास काढते. बाजूला बाण, बाणांना नावं. मुलं वहीत उतरवून घ्यायची, परीक्षेत काढायची, पाचपैकी पाच मिळवायची. त्यातून दिसतं काय, हे नऊ वर्षांत एकाही मुलाने विचारलं नाही. विचारलं असतं तर मीही गडबडले असते, कारण मी स्वतः शेवटचं कॉलेजात पाहिलं होतं.

मग मी एका ट्रस्टला पत्र लिहिलं. सात पानी. माझ्या रागाला सुंदर अक्षर असतं, त्यामुळे पत्र चांगलं झालं असावं. चार महिन्यांनी ट्रस्टकडून आठ सूक्ष्मदर्शक आले, काचपट्ट्यांचे डबे आले, एक कपाट आलं आणि एक अट आली. दोन वर्षांनी येऊन बघू. मुलं वापरत असतील तर सहावी ते आठवीसाठी पूर्ण प्रयोगशाळा करून देऊ. वापरत नसतील तर हे आठही परत नेऊ आणि दुसऱ्या शाळेला देऊ.

शाल-श्रीफळ झालं, फोटो झाले, पाहुण्यांना बटाटेवडा झाला. दुसऱ्या दिवशी प्रसाद सरांनी आठही यंत्रं प्लॅस्टिकसकट कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप घातलं.

प्रसाद सर वाईट माणूस नाहीत. ते फक्त घाबरट आहेत, आणि घाबरट माणसाच्या हाती रजिस्टर आलं की तो जास्तच घाबरतो. मी विचारलं, "सर, मुलांना दाखवायचे कधी?"

"दाखवू ना मॅडम. पण उद्या परत मागितले आणि एखादा फुटलेला निघाला तर काय तोंड दाखवणार?"

"सर, वापरले नाहीत तरच परत मागणार आहेत!"

"तेच म्हणतोय मी. परत द्यायची वेळ आली तर धड हवेत की नको?"

या तर्कापुढे मी हात टेकले. आठ महिने ते कपाट माझ्या वर्गाच्या मागच्या भिंतीला उभं होतं आणि मी त्याच्या समोर उभी राहून फळ्यावर सूक्ष्मदर्शक काढत होते. आजही ते आठवलं की माझं डोकं तडकतं, सरांवर आणि स्वतःवरही.

चावी मात्र पुतळाबाईंकडे होती, कारण दर शनिवारी कपाट झाडायचं काम त्यांचं. अशाच एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी वह्या तपासत बसले होते. त्यांनी एक यंत्र बाहेर काढून टेबलावर ठेवलं होतं आणि त्याच्याकडे कमरेवर हात ठेवून बघत उभ्या होत्या.

"बाई, याच्यानशी काय दिसतं?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, सांगण्यात अर्थ नाही. खिचडीच्या सामानातला एक कांदा आणला, त्याचा पातळ पापुद्रा काढला, काचपट्टीवर ठेवला. मलाच नीट दिसेपर्यंत दहा मिनिटं गेली. मग त्यांनी डोळा लावला. बराच वेळ हलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "वीट लावल्यासारखा हाय." आणि यंत्र पुसून कपाटात ठेवून निघून गेल्या. मला वाटलं, झालं.

सोमवारी त्या कागदाच्या पुडीत मीठ घेऊन आल्या. दुकानातलं नाही. गावात कुणाच्या तरी माळ्यावर जुन्या मिठागराचं मीठ बरणीत राहिलं होतं, त्यातलं. मधल्या सुट्टीत मी ते काचेवर पसरलं. पुतळाबाईंनी पाहिलं, डोळा काढला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा डोळा लावला.

"चौकोनी हाय गं बाय," त्या हळूच म्हणाल्या, मला नाही, स्वतःलाच. "सगला चौकोनी. लानपनापासून पायानी तुडवला, टोपलीनी डोक्यावर वाहिला, पायाला जखमा झाल्या त्यानी. मना कोनी सांगला नाय का हा चौकोनी हाय."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. नऊ वर्षं मी या बाईंकडे फक्त खडू मागत होते.

त्या उठल्या, सरळ प्रसाद सरांच्या खोलीत गेल्या. मी मागे धावले.

"सर, उद्यापासून मी त्या कपाटाला कुलूप लावनार नाय."

"अहो पुतळाबाई, फुटलं बिटलं तर?"

"फुटला तं मी बगन. पोरांना साठ वरसाची झाल्यावर दाखवनार का?"

प्रसाद सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा छताकडे पाहिलं, आणि म्हणाले, "मी काही ऐकलं नाही." आमच्या शाळेत याचा अर्थ परवानगी असा होतो.

पुढचं सव्वा वर्ष हा माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला काळ. आणि तो काळ पुतळाबाईंनी आणला, हे मी कुणासमोरही सांगेन. त्यांनी प्लॅस्टिक फेकून दिलं आणि आईच्या जुन्या लुगड्यांच्या खोळी शिवल्या, प्रत्येक यंत्राला वेगळ्या रंगाची. मुलं यंत्रांना त्या रंगानेच ओळखायला लागली. "आज हिरवी आमच्याकडे!" "काल पण तुमच्याकडेच होती, चीटिंग करू नका!" शनिवारी चार मुलींना घेऊन त्या आठही यंत्रं पुसायच्या. भिंग कसं फुंकायचं, कापूस कसा फिरवायचा, स्पिरिट किती घ्यायचं, हे मी एकदा दाखवलं होतं. त्यांनी ते पन्नास वेळा करून घेतलं.

आणि बघायला वस्तू आणायच्या त्या! खाडीचा चिखल, बोंबलाचं खवल्याविना कातडं आणि जिताड्याचं खवलं, भाताचं तूस, चिंबोरीच्या नांगीचा तुकडा. एकदा डब्यात झुरळ आणलं, तेव्हा मी वर्गाबाहेर गेले. मुलं आत हसत होती. धड्यात "सूक्ष्मजीव" हा शब्द होता, तो मी पाठ करून घेत असे. आता सातवीतली जाई चाळीतल्या पिंपातलं पाणी बाटलीत भरून घेऊन आली, त्यात डासाची अळी पाहिली, तिचे केस मोजले, चित्र काढलं आणि संध्याकाळी ते चित्र घेऊन चाळीतल्या सतरा घरांत फिरली. सतरा पिंपं रिकामी झाली. तिच्या आईने मला येऊन विचारलं, "मॅडम, ही असं काय बघून आली ओ? आमाला टेन्शन आलं ना." मी म्हटलं, तुम्हीपण येऊन बघा. ती आली, तिने बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीला घेऊन आली.

संघप्रिया नावाची एक मुलगी होती, तीही सातवीतच. घरचे नांदेडकडचे, वडील बांधकामावर सुपरवायझर. वर्गात तोंड उघडत नसे. सूक्ष्मदर्शक हाती आला आणि पोरगी बोलायला लागली, ती थांबेचना. कुठलं भिंग दहापटीचं, कुठलं चाळीसपटीचं, उजेड किती, आरसा किती कलता, सगळं तिला माझ्यापेक्षा लवकर जमायचं. मला याचा हेवा वाटायचा, आणि हेवा वाटण्याचा आनंदही वाटायचा.

दोन वर्षं भरत आली. ट्रस्टचं पत्र आलं: तीन ऑक्टोबर, शुक्रवार, दुपारी बारा. एक तारखेला आमच्याकडे पाटीपूजन होतं. दोन तारखेला दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी आल्यामुळे एक सुट्टी बुडाली होती आणि स्टाफरूममध्ये सुतक पडल्यासारखी शांतता होती. पाटीपूजन झालं, मुलांनी एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली, पेढे वाटले, सगळे पांगले. मी कामोठ्याची बस पकडायला घाईने निघाले. कपाट बघितलं नाही.

तीन तारखेला सकाळी साडेनऊला मी पहिली खोळ काढली, आणि मला काय दिसलं ते मला आधी कळलंच नाही. दुसरी काढली. तिसरी. आठही यंत्रांना झेंडूचं फूल, आठही यंत्रांवर हळदकुंकू. अंगाला लावलं असतं तर मी हसून सोडलं असतं. पण जिथे डोळा लावायचा, त्या भिंगावर ओल्या बोटाने हळद, तिच्यावर कुंकू. खालच्या तिन्ही भिंगांना हळदकुंकू. वर नारळाचं पाणी शिंपडलेलं. दीड दिवसात सगळं वाळून पापडी धरली होती. मी पहिल्यातून पाहिलं. नुसता पिवळा अंधार.

अडीच तासांनी ट्रस्ट येणार होता. आठही धड नाहीत असं दिसलं तर न्यायला गाडी पाठवतील आणि सातवीचा हा वर्ग पुन्हा माझ्या फळ्यावरच्या चित्राकडे बघत बसेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पुतळाबाई दारात उभ्या होत्या, नवी साडी नेसून, केसांत अबोली माळून. आणि मी चाळीस मुलांसमोर ओरडले.

"हे काय करून ठेवलंत? हे देवघर आहे का? दोन वर्षांची वाट लावलीत एका दिवसात! कळत नाही तर हात कशाला लावायचा?"

पुतळाबाईंचा चेहरा कसा झाला ते मी सांगणार नाही. त्यांनी कमरेची चावी काढली, माझ्या टेबलावर ठेवली आणि व्हरांड्यात जाऊन बसल्या. रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर बरं झालं असतं.

प्रसाद सर धावत आले. बघून त्यांना घाम फुटला. "मॅडम, कपाट बंद करा. चावी हरवली म्हणू. त्यांना प्रोजेक्टर दाखवू, मुलींचं स्वागतगीत ठेवू."

मी काही बोलायच्या आत संघप्रियाने पिवळी खोळ बाजूला केली आणि यंत्र उचलून खिडकीशी नेलं. "मॅडम, निघतं हे. शनिवारसारखं करायचं." तिचे आईवडील दीक्षाभूमीवर गेले होते, नागपूरला. ही भेटीचा दिवस चुकू नये म्हणून आत्याकडे थांबली होती. जाईने स्पिरिट काढलं. कुणी न सांगता आठ गट झाले. मला आठवतं, मी हात चोळत मध्ये उभी होते आणि मला कुणी काही विचारत नव्हतं. कुणी भिंग सोडवत होतं, कुणी फुंकत होतं, कुणी "दाबू नको, गोल फिरव, मावशी काय सांगते?" असं दुसऱ्याला दटावत होतं. ज्या बाईंना मी कळत नाही म्हणाले, त्यांनी शिकवलेलं प्रत्येक बोटात होतं.

साडेअकराला सहा यंत्रं स्वच्छ झाली. तेवढ्यात जाई किंचाळली. कापूस संपला म्हणून तिने साबणाच्या पाण्यात रुमाल बुडवून हळद पुसली होती, आणि रुमाल लालभडक झाला होता. "मॅडम, रक्त! नाही, रंग! मी खराब केलं!"

मला हसू फुटलं. सकाळपासून पहिल्यांदा. "अगं, काही खराब नाही झालं. हळद आहे ती. साबण लागला की लाल होते. तुमच्याच धड्यात आहे, दर्शक."

"हे ते आहे?" संघप्रिया म्हणाली. "मग हे काचेवर घेऊन बघू या ना."

आणि अर्धं काम टाकून सगळी झुंड त्याच्यावर पडली. टेबलावर हळद, बशीत साबणाचं पाणी, पिवळे रुमाल, लाल रुमाल, कुस्करलेला झेंडू. नेमकं याच वेळी ट्रस्टची माणसं दारात उभी राहिली. बारा वाजायला वीस मिनिटं होती. रस्ता मोकळा मिळाला म्हणे.

दोघं होती. श्रुती नावाची तरुण अधिकारी, हातात टॅब. आणि ट्रस्टचे विश्वस्त जयप्रकाश, सत्तरीचे, पांढऱ्या मिशा, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात उभी हयात काढलेला माणूस. त्यांनी टेबल पाहिलं. भिंग सुटलेलं एक यंत्र पाहिलं.

"हे काय चाललंय?"

प्रसाद सर पुढे झाले. "काही नाही सर, जरा सर्व्हिसिंग..."

"मी केलाय." व्हरांड्यातून आवाज आला. पुतळाबाई उठून आत आल्या. "सर्विशिंग नाय काय. परवा मी पूजा केली. हलदकुंकू भिंगाला लावला. पोरा पुसतान. त्यांची काय चूक नाय, बाईंची नाय. यंत्रा न्यायची तं माज्यामुले नेता, ह्ये लिवून ठेवा."

जयप्रकाश त्यांच्याकडे वळले.

"पूजा का केलीत?"

"खंडेनवमी व्हती." याहून वेगळं कारण काय असणार, अशा सुरात त्या म्हणाल्या. "आमी कोयता पूजतो, इला पूजतो, होडी पूजतो. जं रोज हातात येतं, त्याचीच पूजा व्हते. कपाटात ठेवलेल्याला कोन फूल वाहतो?"

जयप्रकाशांनी चष्मा काढला. "खरं आहे," ते श्रुतीकडे वळून म्हणाले. "आमच्या वर्कशॉपमध्ये बंद लेथ मशीनला कधी कुणी हार घातला नाही." मग पुन्हा पुतळाबाईंकडे. "पण भिंगाला हळद लावू नये, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"सांगला ना सकाली. पुऱ्या गावाला ऐकू गेला."

मी खाली बघितलं. मुलं हसली, जयप्रकाशही मिशीत हसले. पण लगेच त्यांनी सुटलेलं यंत्र हातात घेतलं. ते हिरव्या खोळीचं होतं. "हे एक गेलं म्हणायचं."

पुतळाबाईंचा हात तोंडाशी गेला. हिरवी खोळ त्यांच्या आईच्या लग्नातल्या लुगड्याची होती आणि मला वाटतं, सगळ्यात जास्त जीव त्यांचा त्याच यंत्रावर होता.

"नाही सर," संघप्रिया म्हणाली. "चाळीसचं भिंग धूसर झालंय, आत पाणी गेलंय. दहाचं चालतंय. मी दहावर लावते." तिने भिंग बसवलं, फिरवलं, आरसा खिडकीकडे वळवला, काचपट्टी सरकवली. हे सगळं करताना ती कुणाकडे बघत नव्हती. "बघा. ही हळद. आता मी साबणाचं पाणी सोडते कडेने. डोळा काढू नका हां."

जयप्रकाशांनी डोळा लावला. ते बराच वेळ वाकून राहिले. "लाल होत चाललीय," म्हणाले. "कडेकडून आत येतंय." मग श्रुतीला बोलावलं. मग प्रसाद सरांना. आमच्या मुख्याध्यापकांनी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि "अरेच्चा!" असं इतक्या जोरात म्हणाले की पाचवीचा वर्ग खिडकीशी गोळा झाला.

निघताना जयप्रकाश व्हरांड्यात थांबले. "सोळा शाळांना यंत्रं दिली आम्ही. नऊ ठिकाणी मला फार अभिमानाने दाखवतात, म्हणतात, सर, एक ओरखडा नाही. कोरी करकरीत." त्यांनी मान हलवली. "तुमची आठ खराब केलीत तुम्ही लोकांनी." एवढंच बोलून ते गाडीत बसले. परत नेणार की नाही, काही नाही. मी तीन आठवडे नीट झोपले नाही.

दिवाळीनंतर पत्र आलं. प्रयोगशाळा मंजूर. हिरव्या यंत्राचं भिंग बदलून मिळणार. आणि शेवटी एक परिच्छेद. नावड्याच्या एका शाळेत दोन वर्षं कपाटात असलेली यंत्रं ट्रस्ट काढून घेणार होता, पण त्याआधी त्या शाळेला एक संधी द्यावी असं ठरलं होतं. त्यासाठी श्रीमती पुतळा मढवी यांनी एक दिवस तिथे येऊन मार्गदर्शन करावं, अशी विनंती होती. मार्गदर्शन हा शब्द मी दोनदा वाचला.

त्याआधी माझं एक काम राहिलं होतं. व्हरांड्यात गाठून मी म्हटलं, "पुतळाबाई, त्या दिवशी माझं चुकलं."

त्यांनी हातातला झाडू भिंतीला टेकवला. "चुकला तं चुकला. पन पोरांसमोर वरडलात. तं पोरांसमोर सांगा."

माझ्या नाकाच्या शेंड्यावर पुन्हा राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात त्यांना बोलावलं, माझ्या शेजारी उभं केलं आणि चाळीस मुलांना सांगितलं की त्या दिवशी मी मावशींना कळत नाही म्हणाले, ते चूक होतं. या वर्गात यंत्रं बाहेर आली ती यांच्यामुळे, आणि ती वाचली तीही यांच्यामुळे. पुतळाबाई पदर खोचून सरळ उभ्या होत्या. "झाला," त्या म्हणाल्या. "आता शिकवा."

नावड्याला आम्ही डिसेंबरात गेलो. ट्रस्टने गाडी पाठवली होती. पुतळाबाई पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या, मांडीवर पिशवी. पिशवीत सहा नव्या खोळी, काचपट्ट्या, स्पिरिट, आणि डब्यात भाकरी. मी आणि संघप्रिया मागे. कळंबोलीच्या पुढे त्या एकदाच बोलल्या, "मना भाशन येत नाय, बाई." मी म्हटलं, भाषण कुणालाच नको आहे.

तिथल्या मुख्याध्यापिका सरोजिनीबाई दारात गुच्छ घेऊन उभ्या होत्या. वर्गात पन्नास मुलं, टेबलावर सहा यंत्रं, सगळी प्लॅस्टिकमध्ये. सरोजिनीबाईंनी गुच्छ माझ्या हातात दिला आणि खुर्ची माझ्यापुढे सरकवली. "या मॅडम, तुम्ही तज्ज्ञ."

"मी नाही," मी म्हटलं, आणि गुच्छ पुतळाबाईंच्या हातात दिला. "ह्या." त्यांच्या वतीने मीच इतकी फुगले होते की माझा आवाज जरा चढाच लागला असावा. सरोजिनीबाई गोंधळल्या. त्यांनी पुतळाबाईंच्या पायातल्या साध्या चपला पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं. "आपण शिक्षिका का?"

"नाय," पुतळाबाई म्हणाल्या. "मी शिपाय. भिंगाचा शिकवाला आलेय."

मी जाऊन तिसऱ्या बाकावर दोन मुलींच्या मध्ये बसले. पुतळाबाईंनी गुच्छ खिडकीत ठेवला, पहिल्या यंत्राचं प्लॅस्टिक एका झटक्यात फाडलं आणि वर्गावरून नजर फिरवली.

"आदी सगल्यांनी हात धून या," त्या म्हणाल्या. मुलं उठली. त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली. "बाई, तुमीपन."

मी उठले आणि पोरांच्या मागोमाग नळाकडे गेले.